गुडघ्यातलं वंगण संपत नाही. चालणं बंद करू नका

गेल्या महिन्यात कराडला मावशीकडे गेले, तर ती सकाळी सातला खाटेवर पाय पसरून बसलेली. वय ६६. रोज पहाटे प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन येणारी बाई. "चालायचं बंद केलंय गं. गुडघ्यातलं वंगण संपलंय, उरलीसुरली गादी तरी राहू दे," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

तो मेसेज मला त्याच आठवड्यात आणखी दोन ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय: वंगण संपलं की चालणं म्हणजे गादी झिजवणं, म्हणून चालणं आणि जिना बंद. डाळी, टोमॅटो, आंबट बंद. पेनकिलर किडनी खातात. ऑपरेशन हा डॉक्टरांचा धंदा. बाभळीच्या शेंगांच्या अमुक चूर्णाने २१ दिवसांत वंगण परत येतं. खाली चूर्ण कुरिअरने मागवायला मोबाइल नंबर.

आधी वंगण. ते गाडीच्या ऑइलसारखं एकदा भरलेलं नसतं. सांध्याच्या आतलं अस्तर ते जन्मभर तयार करत असतं. झिजलेल्या गुडघ्यात ते पातळ होतं, इतकं खरं. पण कितीतरी लोकांचा गुडघा सुजतो तेव्हा आत पाणी जास्तच झालेलं असतं, आणि डॉक्टर सुईने ते काढतात. संपलेलं असेल तर सिरिंजमध्ये येतं कुठून?

चालण्याबद्दल तर मेसेजने सगळं उलटं सांगितलंय. गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला की तिच्यावर दाब येतो, उचलला की सुटतो. त्या दाबण्या-सुटण्यातच भोवतीचं पाणी आतबाहेर होऊन तिला पोषण मिळतं. शिवाय बसून राहिलं की मांडीचा स्नायू बारीक होतो आणि त्याने उचलायचा भार सांध्यावर येतो. मावशी महिनाभर बसली आणि जिना उतरताना भिंतीला हात लावून, आडवी होऊन, एकेक पाय टेकवत उतरायला लागली. ते झिजेमुळे झालं नव्हतं, बसण्यामुळे झालं होतं.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांधेझिजेच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. देशभरच्या डॉक्टरांनी काय करावं हे ती संस्था उपलब्ध पुरावा तपासून ठरवते. त्यात व्यायाम सगळ्या रुग्णांना सांगितलाय, आणि सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं हे त्यांना आधीच समजावून सांगा, असंही म्हटलंय. वजन जास्त असेल तर ते कमी करा. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि सांध्यात द्यायची 'वंगणाची' इंजेक्शनं मात्र देऊ नका, असं स्पष्ट लिहिलंय. मावशीच्या फिजिओथेरपिस्टने दिलेलं कामही साधंच आहे: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवायचं, नाही उतरलं तर थोडं कमी करायचं. एक्स-रेवर गुडघा किती झिजलाय आणि माणसाला किती दुखतं, याचा मेळ बरेचदा बसतच नाही. झोप, काळजी, स्नायूंची ताकद, सगळ्याचा त्यात वाटा असतो. म्हणून एक्स-रे बघून कुणी खाट धरू नये.

डाळी-टोमॅटोचं काय सांगायचं! या वयात आधीच प्रथिनं कमी पडतात, त्यात डाळ काढून घेतली तर स्नायू कशावर टिकणार? डाळीचं पथ्य सांगतात ते युरिक अॅसिड वाढून होणाऱ्या गाउटसाठी, आणि तो वेगळा आजार आहे. आणि ऑपरेशन? गरज नसताना घाई करणारे डॉक्टर असतात, दुसरं मत जरूर घ्यावं. पण रात्री झोप नाही, व्यायाम करूनही चार पावलं चालवत नाही, अशा माणसाला सांधेबदलाने पुन्हा चालतं होता येतं. त्याला घाबरवून घरी बसवणं हा अन्याय आहे.

पेनकिलरबद्दलचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन् महिने मनाने खाल्ल्या तर किडनी, जठर, रक्तदाब तिन्हींना त्रास होतो. म्हणूनच 'नाइस' गुडघ्याला आधी वेदनाशामक जेल लावायला सांगते. गोळी लागलीच तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस.

आणि इथेच मला खरा संताप येतो. किडनीची भीती घालून हा मेसेज जे चूर्ण विकतो, त्यात काय आहे हे पुडीवर लिहिलेलंच नाही. मावशीने ते मागवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुखणं गायब, भूक वाढली, सगळे खूश. सहा आठवड्यांनी चेहरा गोल सुजलेला आणि उपाशीपोटी साखर २१०, जिला कधी मधुमेह नव्हता. डॉक्टरांनी पुडी बघून स्टिरॉइडचा संशय सांगितला. आम्ही चूर्ण प्रयोगशाळेत तपासलेलं नाही, पण हे सर्रास घडतं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 'आर्ट्री किंग' या सांधेदुखीच्या गोळ्यांबद्दल इशारा दिला, कारण त्यांत डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सापडलं. वेष्टनावर दोन्हींचा उल्लेख नव्हता.

तुमच्या घरी कुणी असं चूर्ण आठवडेच्या आठवडे घेत असेल, तर हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. ते अचानक तुटलं तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकतं. पुडी टाकून न देता सोबत घ्या आणि उद्याच डॉक्टरांकडे जा. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील, किंवा एखादा सांधा लाल, गरम होऊन ताप येत असेल, तर तेही सांगा. तो झिजेपेक्षा वेगळा आजार असू शकतो, आणि त्यात उशीर परवडत नाही.