गोल्डफिश, छडी आणि सातवी ब

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. आजच्या मुलांचं लक्ष आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशचंसुद्धा नऊ. छडी गेली तसा अभ्यास गेला. आता बक्षीस दाखवल्याशिवाय पोरं हलत नाहीत. दुपारी पेंगतात, आळशी झालीत. वर नुसते अंगठे. मी नागपुरात गणित शिकवते, म्हणून आधी आकड्यापासून.

हे आठ सेकंद मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या 2015 च्या मार्केटिंग अहवालातून पसरले. त्यांनी ते एका वेबसाइटवरून उचलले होते. 2017 मध्ये बीबीसीने माग काढला, तर मुळाशी संशोधन सापडलंच नाही. बिचाऱ्या माशाचीही बदनामीच. त्याला आठवतं, म्हणून तर शास्त्रज्ञ त्याच्यावर स्मृतीचे प्रयोग करतात.

उतावळे आपणच असतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गात मोजून पाहिलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. तेव्हापासून मी हात पाठीमागे घेऊन बोटांवर पाच मोजते. उत्तर अगदी ओठावर येतं, पण गिळायचं.

सातवी बमध्ये शेकडा नफ्याचा तास होता. 400 रुपयांची 100 संत्री, पाच रुपयांना एक विकली, नफा किती? पुढच्या बाकांवरून लगेच "पंचवीस टक्के!" मी "बरोबर" न म्हणता बोटं मोजत राहिले. चौथ्या बोटाला शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, सडके संत्रे धराचे का नाही?" त्याच्या बाबांची इतवारी बाजारात संत्र्यांची गाडी आहे. शंभरात दहा तरी फेकावे लागतात म्हणे. मग नव्वदचे 450, नफा 50, म्हणजे साडेबारा टक्के! उरलेला तास यावरच वाद: भाव वाढवावा, की सडकी आधीच निवडून कमी पैसे द्यावेत? घंटा झाली तरी कोणी उठेना. आठ सेकंदवाल्यांनी त्या दिवशी यायला हवं होतं.

छडीबद्दल फार बोलत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, 1 एप्रिल 2010 पासून. भीतीने वर्ग शांत बसतो, हे मान्य. पण लहानपणी पट्टी कोणत्या बोटांवर बसली ते मला अजून आठवतं. त्या दिवशी लसावि कशासाठी काढत होतो, ते नाही.

बक्षिसाचा मुद्दा अर्धा खरा आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. मीही भिंतीवर स्टारचा तक्ता लावला होता. दोन महिन्यांत पोरं उदाहरण वाचायच्या आधी विचारू लागली, "याला स्टार आहे का?" तक्ता काढला. पाढ्यांना मात्र अजून चॉकलेट देते. पाढे मुळात कोणाला आवडतात!

राहता राहिलं "दुपारी पेंगतात, आळशी झालीत." मार्च सरताना पत्र्याखाली शेवटचा तास घेऊन बघा. मलाच जांभया येतात.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर एका ताईंनी विचारलं, "मग सिलॅबस कधी संपवायचा?" प्रश्न बरोबर आहे. संत्र्यांच्या त्या तासाला माझी पाच उदाहरणं राहिली होती. ती शनिवारी घेतली, आणि तेव्हाही दोन राहिलीच.