संग्रहातल्या वस्तूचे मोल नेमके कशात असते?

पाच रुपयांची ट्रॅक्टरची नोट किंवा वैष्णोदेवीचे चित्र असलेले नाणे घरात सापडले तर लाखो रुपये मिळतील, असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून अशा व्यवहारांसाठी लोकांकडून शुल्क आणि कमिशन उकळले जाऊ लागले, तेव्हा आपण असे पैसे घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असा खुलासा बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये करावा लागला. फसवणूक निषेधार्ह आहेच. पण अनोळखी माणूस जो भाव देईल तेवढीच त्या वस्तूची योग्यता, हा या निरोपांमागचा समज मला त्याहून अधिक सलतो. संग्राहकाला एखादी वस्तू प्रिय होते ती तिच्याविषयी त्याला जे ठाऊक असते त्यामुळे, आणि ते त्याने लिहून ठेवले नाही तर त्याच्या माघारी ती वस्तू घरातल्यांना रद्दीच वाटते, असे माझे ठाम मत आहे.

दुर्मीळपणाला बाजारात किंमत आहे, हे मी नाकारत नाही. ब्रिटिश गयानाचे १८५६ सालचे एक सेंटचे किरमिजी टपाल तिकीट २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरला विकले गेले, कारण त्याची दुसरी प्रत आजवर कोणाला सापडलेली नाही. १८७३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाने घरातल्या जुन्या पत्रांतून ते शोधून काढले आणि सहा शिलिंगांना विकले होते. दिसायला ते काळपट आहे, कोपरेही कापलेले आहेत. मात्र त्याच्या पाठीवर एकामागून एक आलेल्या मालकांनी आपापल्या खुणा उमटवल्या आहेत. दुसऱ्या कोणत्याही तिकिटाची अशा शाईने किंमत उतरली असती. इथे मात्र त्या खुणांमुळेच ते कोणाकोणाच्या हातून आले, हे वाचता येते.

आपल्याकडची १८५२ ची ‘सिंध डाक’ ही टपाल तिकिटे घ्या. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि ज्या बार्टल फ्रिअर यांनी ही तिकिटे तिथे काढली, तेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले व त्यांच्याच काळात फोर्टचा कोट पाडला गेला. त्यातले तांबडे तिकीट लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेले असल्यामुळे हाताळताना तडकत असे आणि म्हणूनच ते फार थोडे उरले. हे ज्याला माहीत नाही, त्याला तिथे केवळ एक गोल ठसा दिसेल.

माझ्या स्वतःच्या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वस्तू विकायला नेली तर कोणी चहाचे पैसेही देणार नाही. ती आहे मनीऑर्डरच्या पोचपावत्यांची एक चवड. आजोबा गिरणीत होते आणि पगार झाला की लालबागहून गावी पैसे पाठवत. फॉर्मचा मजकूर लिहिण्यापुरता छोटा तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहायचा आणि सही किंवा अंगठा घेतलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत यायची. त्यामुळे आजीच्या अंगठ्याचा ठसा पुन्हापुन्हा कोकणातून मुंबईतल्या चाळीत येत राहिला. रकमा कधी वाढतात, कोणत्या सणाच्या आधी जास्त जातात, तारखेचा शिक्का कोणत्या टपाल कार्यालयाचा आहे, हे सारे त्या कागदांवर आहे. गिरणगावातल्या हजारो घरांचा हिशेब असाच चालत असे आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर तो कसा विस्कटला, हे समजून घ्यायला मला या पावत्यांइतके दुसरे काही जवळचे वाटत नाही.

म्हणूनच वस्तूवरची माहिती पुसून तिला देखणी करण्याला माझा विरोध आहे. पाकीट भिजवून तिकीट सोडवले की शिक्का अर्धा तुटतो आणि पत्ता कायमचा जातो. तांब्याचे नाणे चिंचेने लख्ख घासले की वर्षानुवर्षे चढलेला रंग निघून जातो, आणि जाणकार ग्राहकही त्याला कमी भाव देतो. पुण्यातल्या केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते रोजच्या वापराच्या खुणांसह ठेवलेले आहेत, म्हणून तर ते पाहताना माणसे आठवतात. दिनकर केळकरांनी तो संग्रह आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा केला, हे कळल्यावर तिथला साधा अडकित्ताही वेगळा दिसतो.

ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते कोणाचे, कुठून आले आणि कोणी दिले एवढे तरी वेगळ्या कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवावे. घरातली वडील मंडळी आहेत तोवरच त्यांना विचारून घ्यावे. मूळ कागदावर काही लिहायचेच असेल तर पेन्सिलने लिहावे आणि सेलोटेप मुळीच लावू नये, कारण त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. माझ्याकडे मनीऑर्डरचा मुंबईला परतलेला भाग आहे. गावी राहिलेले, मजकूर लिहिलेले तुकडे आमच्या घरात कोणी जपले नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणाच्या घरी ते असतील, तर कृपया त्यांचे छायाचित्र इथे टाकावे आणि ते कोणी कोणाला लिहिले होते, तेही सांगावे.