‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ म्हणजे पास्टरला प्रश्न विचारू नका?

एखाद्या प्रचारकाचं भाकीत फसलं किंवा कुणी दानाच्या पैशांचा हिशोब मागितला, की मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्याचा मथितार्थ असा: देवाच्या सेवकाविरुद्ध बोलू नका, ‘माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे मी निवडलेल्यांना, हात लावू नका’ असं बायबलचं वचन आहे. दावीदानेही शौल राजाला हात लावला नाही. न्याय करू नका. शिकवण खोटी असेल तर ती आपोआप नाहीशी होईल. तुम्ही फक्त प्रार्थना करा. खाली ‘आमेन’ची रांग लागते.

वचन स्तोत्र १०५:१५ मधलं आहे, पण नवव्या वचनापासून वाचा. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब आहेत: मूठभर, परक्या देशात भटकणारे, जमीन नसलेले. हात उगारू शकणारे होते ते राजे. दुबळ्यांना सत्तेपासून वाचवणारं हे वचन आज स्टेजवरच्या माणसाला मागच्या बाकावरच्या विधवेपासून वाचवायला वापरलं जातं! आणि त्यामागची गोष्टही पाहा. उत्पत्ती २० मध्ये अब्राहाम बायकोला बहीण म्हणून सांगतो, अबीमलेख राजा तिला नेतो, तेव्हा देव राजाला बजावतो की अब्राहाम संदेष्टा आहे, त्याची बायको परत कर. राजा परत करतो, पण आधी अब्राहामालाच बोलावून खडसावतो: तू आमच्याशी हे काय केलंस? असं का केलंस? या जाब विचारण्याबद्दल देव त्याला एका शब्दानेही दटावत नाही. शिवाय १ योहान २:२० प्रमाणे अभिषेक सगळ्याच विश्वासणाऱ्यांना आहे, म्हणजे त्या विधवेलाही.

शौल जिवावर उठला असतानाही दावीदाने त्याला मारलं नाही, हे खरं. पण गुहेतून बाहेर येऊन, झग्याचा कापलेला काठ हातात धरून त्याने शौलाला मोठ्याने जाब विचारला. हात लावणं म्हणजे तलवार चालवणं. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावलंच की.

‘न्याय करू नका’ हे मत्तय ७:१. त्याच अध्यायात पंधराव्या वचनात येशू म्हणतो, खोट्या संदेष्ट्यांविषयी सावध राहा, फळांवरून ओळखा. पारख केल्याशिवाय ओळखणार कसं? ‘मग चमत्कार होतात ते?’ त्याचंही उत्तर तिथेच, बाविसाव्या-तेविसाव्या वचनात आहे: त्याच्या नावाने अद्भुतं करणाऱ्या पुष्कळांना तो ‘माझी तुमची ओळख नव्हती’ म्हणणार आहे.

आपोआप नाहीसं होण्याचा सल्ला गमलियेल या यहूदी शास्त्र-शिक्षकाचा, प्रेषितांचा नव्हे. गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांत चुकीची शिकवण शिरली तेव्हा पौल वाट पाहत बसला नाही.

तरीही सगळ्यांना एकच काठी नको. अपुल्लो या प्रचारकाची शिकवण अपुरी होती. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला जवळ घेऊन समजावलं, चारचौघांत फजिती केली नाही. केफा, म्हणजे पेत्र, अंत्युखियात सर्वांसमोर चुकला, म्हणून पौलाने त्याला सर्वांसमोरच विचारलं. मंडळीच्या वडिलांवरच्या, म्हणजे पुढाऱ्यांवरच्या, आरोपाला दोन-तीन साक्षीदार हवेत, असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं. पाप करणाऱ्यांना सर्वांदेखत दोष दाखव, असं विसावं वचन. मेसेज फिरवणारे विसावं वचन लपवतात, आणि यूट्यूबवर अर्ध्या मिनिटाची क्लिप कापून कुणालाही खोटा संदेष्टा ठरवणारे एकोणिसावं विसरतात. मला दोघांचाही सारखाच वैताग आहे. फसलेल्यांशी मात्र यहूदाच्या पत्राचा सूर हवा: संशयात असलेल्यांवर दया करा. त्यांना हसलात तर ते आणखी घट्ट चिकटतात.

पैशांबाबत सुरुवातीची मंडळी आपल्यापेक्षा कडक होती. ‘डिडाखे’ या प्राचीन नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय, फिरत्या प्रेषिताने पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा. आणि कुणी चमत्काराचा देखावा करून पैसे उकळत असेल, तर प्रकरण मंडळीच्या कमिटीत मिटवायचं नसतं. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो ख्रिस्ती स्टेजलाही लागू होतो. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी.