सिटाडेलमध्ये जाऊ नका म्हणे!

नौदलाच्या सरयू वर्गाच्या गस्तीनौकांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: या नौकांवर एकही क्षेपणास्त्र नाही, २५ नॉटच्या (ताशी सुमारे ४६ किलोमीटर) वेगाने चाच्यांची होडी हाती लागत नाही, हे काम तटरक्षक दलाचं आणि म्हणून चाचे जहाजावर चढले तर सिटाडेलमध्ये न कोंडून घेता सरळ हात वर करावेत, नौदल येऊन करणार काय! काल तो काकूंच्या फोनवर पोहोचला. त्यांचा मुलगा बोटीवर असतो. म्हणून शेवटचा मुद्दा आधी.

सिटाडेल म्हणजे आतून बंद होणारी मजबूत जागा, बहुधा इंजिन रूम किंवा स्टीअरिंग गिअर रूम. कमांडो चढवण्याआधी नौदल तीन गोष्टी विचारतं: सगळेच्या सगळे आत आहेत का, इंजिनांचा ताबा चाच्यांकडे नाही ना, आतून दोन्ही बाजूंनी बोलणं होतंय का. एक जण बाहेर राहिला की तो ओलीस, मग आतल्या वीस जणांचं लपणं फुकट. म्हणून हजेरी क्रू लिस्टवर टिक मारूनच घ्यायची. आणि हातातला व्हीएचएफ रेडिओ सेट पोलादी भिंतींच्या आत मुका होतो. बाहेर अँटेना असलेला सॅटेलाइट फोन हवा, तोही सहज कापता येईल अशा वायरीवर नको. पाणी, खाणं, औषधं, शौचाची सोय किमान तीन दिवसांची. यात ढिलाई असेल तर सिटाडेल फसतं, हे खरं. पण तो दोष तयारीचा. ५ जानेवारी २०२४ला ‘लीला नॉरफोक’ या मालवाहू जहाजावरचे २१ जण, त्यातले १५ भारतीय, सिटाडेलमधूनच सुखरूप बाहेर आले. तिथे गेलेली आयएनएस चेन्नई विनाशिका होती, गस्तीनौका नव्हे, हेही सांगून टाकतो.

मग गस्तीनौका काय करते? त्याच महिन्याच्या अखेरीस आयएनएस सुमित्राने ३६ तासांच्या आत दोन अपहृत मासेमारी बोटी सोडवल्या. ‘इमान’वर १७ इराणी, ‘अल नईमी’वर १९ पाकिस्तानी खलाशी. दुसरी घटना कोचीच्या पश्चिमेला सुमारे ८५० समुद्री मैलांवरची. सुमित्रा याच वर्गातली, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली. क्षेपणास्त्र एकही वापरलं नाही. ओलीस बसलेल्या बोटीवर ते डागणार तरी कुणावर? इथे लागतं हेलिकॉप्टर, रबरी कडांची वेगवान बोट, चढणारी तुकडी आणि पाठबळाला ७६ मिलिमीटरची तोफ.

वेगाचं गणित तर अजबच. चाच्यांची होडी शांत पाण्यात सुसाट जाते, पण लाट उठली की आपटत राहते आणि पेट्रोलही थोडकंच. ती निघते मदरशिपवरून, म्हणजे पळवलेल्या संथ धोवरून (धो म्हणजे अरबी धाटणीचं गलबत). गाठायचं असतं त्या धोला, आणि होडीच्या मागे हेलिकॉप्टर जातं. उलट या नौकांचा जो ६,००० मैल पल्ला सांगतात, तो आकडा १६ नॉटचा आहे. २५ नॉटला ढोबळमानाने जवळजवळ चौपट ताकद लागते, दर मैलाला अडीचपट इंधन जातं. म्हणून गस्त संथच घालतात, ताकद नाही म्हणून नव्हे.

तटरक्षक दलाचं म्हणाल तर त्याची मुख्य जबाबदारी आपल्या सागरी क्षेत्राची, म्हणजे किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंत. ८५० मैलांवर कोण जाणार?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी ड्रोन आणि जहाजविरोधी क्षेपणास्त्रं येत असतील तर सरयू वर्ग एकटा पाठवू नये. हवाई बचावाचं क्षेपणास्त्र नाही, शेवटची भिस्त ३० मिलिमीटरच्या दोन एके-६३० तोफांवर. त्यासाठीच डिसेंबर २०२३मध्ये कोची, कोलकाता, मोरमुगाव या विनाशिका पुढे काढल्या. आणि मार्च २०२४मध्ये ‘रुएन’ हे पळवलेलं मालवाहू जहाज सोडवताना कोलकातासोबत सुभद्राही होती, सरयूच्याही आधीच्या पिढीतली गस्तीनौका. १७ खलाशी सुटले. शरण आलेले ३५ चाचे २३ मार्चला मुंबई पोलिसांच्या ताब्यात गेले.