विश्वामित्रीकाठचा बॅकअप

बॅकअप घेणं म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर संशय घेणं, आणि बडोद्यातल्या चांगल्या मराठी घराला हा संशयी स्वभाव शोभत नाही. तेव्हा तुमचा कुळवृत्तांत एकाच फाइलमध्ये ठेवा. वर्षानुवर्षं तीच उघडा, तिच्यातच भर घाला, तीच सेव्ह करा. मधूनमधून वेगळ्या नावाने प्रत काढायचा मोह झाला तर आवरा. चुकून एखादी शिल्लक राहते.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी मी हे व्रत नऊ वर्षं पाळलं. यूपीएसची बॅटरी फुगली होती, तीही तशीच राहू दिली. एका दुपारी पणजोबांच्या सयाजीरावांच्या काळातल्या नोकरीचा परिच्छेद संपवून कंट्रोल-एस दाबलं आणि लाइट गेली. फाइल जागेवर, नाव तेच, आकार तोच, आत मात्र नुसती शून्यं. विंडोजची एनटीएफएस व्यवस्था अशा वेळी फाइलींच्या नोंदी नीट लावून घेते; आतल्या मजकुराची हमी तिने कधी दिलेलीच नसते. सातबारा शाबूत, जमीन गायब.

असं झालं की ताबडतोब दुरुस्तीची दोन-चार फुकट सॉफ्टवेअरं उतरवून घ्या, आणि तीही त्याच डिस्कवर. जुन्या मजकुराचे उरलेसुरले तुकडे जिथे पडलेले असतात, नेमकं तिथेच नवं काही लिहिलं गेलं तर काम चोख होतं.

'आमचं सगळं क्लाउडवर असतं' म्हणणाऱ्यांनीही निराश होऊ नये. सिंक हा फार आज्ञाधारक गडी. लाइट आल्याआल्या त्याने माझी शून्यं लॅपटॉपवर नेऊन पोचवली. गूगल ड्राइव्ह वर्डच्या फाइलीच्या जुन्या आवृत्त्या 30 दिवस सांभाळतं, हे भाच्याने मला सांगितलं. दीड महिन्याने. (31 मार्चला जागतिक बॅकअप दिनही असतो म्हणे. त्या दिवशी आपण हिशेब मिटवत बसलेलो असतो, ते एक बरं.)

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, असं गणित सांगायला कोणी आलाच तर त्याला शेवउसळ खाऊ घालून विषय बदला. माझ्या आतेबहिणीने त्यातलं निम्मंच ऐकलं. वेगळी हार्ड डिस्क घेतली, प्रत काढली आणि ती डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी तिच्या समा भागातल्या तळमजल्यात शिरली. शहरात मगरी वस्तीपर्यंत आल्या त्या पुरात मूळ आणि प्रत, दोघींनी एकाच पाण्यात समाधी घेतली.

खरी संशयी माणसं पाहायची तर जुन्या पोथ्या जपणाऱ्या बडोद्याच्याच प्राच्यविद्या मंदिराचं काम पाहा. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथे सिद्ध झाली, 1960 ते 1975, सात खंड. कशाच्या जोरावर? गावोगावी, वेगवेगळ्या लिप्यांत कोणी कोणी नकलून ठेवलेल्या पोथ्यांच्या. वाळवीने आपला वाटा घेतला, तरी रामायण काही करप्ट होईना. वाल्मीकींवर एवढाही विश्वास नाही!

आमच्याकडेही शेवटी दगाफटका झालाच. पुण्याच्या आत्याच्या ट्रंकेत, पातळांच्या घडीखाली, कुळवृत्तांताची 2017ची झेरॉक्स निघाली. तिच्यात मी अजून अविवाहित आहे. बायको म्हणाली, "अहो, मग हाच रिस्टोर करा ना."