रिळाच्या ड्रॅगमध्ये तेल सोडण्याच्या सल्ल्याबाबत खुलासा

मासेमारीच्या रिळाचा ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी ताण राखून सुटू देणारा ब्रेक) अडखळू लागला की त्यात पातळ तेलाचा फवारा मारावा, असा सल्ला सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. ड्रॅग चालतो तोच मुळी चकत्यांमधील घर्षणावर, आणि असे तेल त्यांच्यावरचे ग्रीस धुऊन काढत असल्याने दोरी कधी सरसर सुटते, तर कधी झटक्याने अडते. चकत्या क्रम लक्षात ठेवून काढाव्यात (क्रम चुकला की जोडणी फसलीच) आणि कोरड्या फडक्याने पुसाव्यात. उत्पादकाने कोरड्या ठेवायला सांगितल्या नसतील, तर कार्बनच्या चकत्यांना ड्रॅगसाठीच्याच ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो. झिजून गुळगुळीत झालेली चकती मात्र बदलावीच लागते. रीळ ठेवून देताना ड्रॅग सैल करावा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत.