स्कूटरवरून दिसणारी माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मागच्या आठवड्यात एका रात्री वाचली. आधी राग आला, मग झोप येईना. सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा लक्षात आलं, की निम्मा राग तुमचं बरोबर आहे म्हणूनच आलेला आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल मला भांडायचं आहे. त्यामुळं उत्तर लांबणार.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बेळगावात आणि महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीत बाजारहाट करताना दिसलेल्या तऱ्हेवाईक माणसांवर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता : ‘सामान आणायला गेलेल्या माणसानं सामान आणावं. लोकांच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं आणि घरी येऊन टिंगल लिहायची, ओळखीच्यांनाही सोडायचं नाही, हा कसला छंद? तुम्ही स्कूटरवरून बघता, म्हणून तुम्हाला माणसं विचित्र दिसतात. शिनोळीला उतरलेली बाई येडी नव्हती. आणि मराठी दुकानदार कन्नडात हिशोब करतो याचं तुम्हाला हसू येतं. भाषेपायी इथं लोकांनी काय सोसलंय ते ठाऊक आहे का?’

स्कूटरचं वाक्य मला लागलं. त्यापासूनच सुरू करतो.

ती बाई मी शिनोळीत चहाच्या टपरीवरून बघितली होती. चंदगडकडून बेळगावला जाणारी एसटी थांबली आणि डोक्यावर रताळ्याचं बोचकं घेऊन ती उतरली. गाडी बेळगावला गेली, आणि ही बाई त्याच रस्त्यानं, त्याच दिशेनं, भर उन्हात चालत निघाली. ‘बेळगावची गाडी सोडून बेळगावकडं चालत जाणारी’ असं लिहून मी पुढं दोन विनोद केले. ते आता पुन्हा वाचवत नाहीत.

तुमची प्रतिक्रिया वाचून सोमवारी स्कूटर घरी ठेवली आणि बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावरून बाचीची, म्हणजे हद्दीच्या अलीकडच्या कर्नाटकातल्या गावाची, गाडी धरली. ती बाई काही भेटली नाही. पण बाचीच्या थांब्यावर तशाच पद्धतीनं आलेल्या दोघी भेटल्या, आणि त्यांनी मला पाच मिनिटांत शहाणं केलं. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते हद्दीपुरतं. कर्नाटकाच्या साध्या गाड्यांत ११ जून २०२३ पासून बायकांना फुकट, पण आधार कर्नाटकातलं हवं. म्हणजे माहेर चंदगड तालुक्यात आणि सासर बेळगावजवळ असलेली बाई काय करणार? अर्ध्या तिकिटात शिनोळीला उतरायचं, हद्द पायानं ओलांडायची, आणि बाचीत शून्याचं तिकीट घेऊन बसायचं. मी ज्याला येडेपणा म्हणालो तो दोन राज्यांच्या तिजोऱ्यांचा हिशोब होता, आणि तो तिनं चालता चालता केला होता.

त्यातली एक म्हणाली, ‘धाकटी बहीण पलीकडं दिलीय. माझीच बहीण, पर या गाडीत तिला तिकीट पडतंय. मग मीच जातंय तिच्याकडं.’ मी विचारलं, असे वाचतात तरी किती? ती म्हणाली, ‘मेथीची एक पेंडी येती की.’

आणखी एक चूक कळली, ती तुम्ही दाखवली नव्हती तरी सांगतो. त्याच लेखात मी एका वाहकाला हसलो होतो. एक म्हातारी ‘फुकट आहे तर कागद कशाला?’ म्हणून तिकीट घेत नव्हती, आणि हा बाबा शून्य रुपयाच्या तिकिटासाठी तिच्याशी भांडत होता. मला तो सरकारी खाक्या वाटला. मुळात त्या शून्याच्या तिकिटांची बेरीज करूनच महामंडळ सरकारकडं भरपाई मागतं. तिकीट फाडलं नाही, तर कागदोपत्री ती म्हातारी गाडीत बसलीच नाही.

तेव्हा स्कूटरचं कबूल. तसंच रेशन दुकानातल्या आजीचंही. ती अंगठा सारखा केसांत घालते म्हणून मी तिला ‘डोकं खाजवणारी’ म्हटलं. जन्मभर भांगलण आणि रोप लावणी करून अंगठ्याच्या रेघा झिजतात, मग यंत्रावर अंगठा उठत नाही. केसांतल्या तेलानं बोट जरा ओलसर झालं तर कधी कधी उठतो. हे मला रांगेतल्या कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

पण भाषेचं तुम्ही जे लिहिलंय ते मला मान्य नाही. सोसलेलं ठाऊक आहे का, असं विचारता. बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाच्या, एक नोव्हेंबरच्या सायकल फेरीत मी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून गेलोय, दंडाला काळी फीत बांधून. पुढचं इथं लिहीत नाही, तुमच्याही घरात तेच झालं असणार.

त्या दुकानदाराला मी हसलो, हे खरं. पण कशाला हसलो ते तुम्ही नीट वाचलं नाही, किंवा मी नीट लिहिलं नाही. आमचा हा किराणावाला घरात मराठी, गिऱ्हाइकाशी मराठी, गल्ल्यावर शिवरायांची तसबीर. आणि आठ रुपयांच्या पाच पुड्या झाल्या की ओठातल्या ओठात ‘ऐदेंटले नलवत्तु’, मग मोठ्यानं ‘चाळीस द्या’. लहानपणी तो बैलहोंगलला मामाकडं राहिला, कन्नड शाळेत गेला. पाढे ज्या भाषेत घोकले त्या भाषेत ते राहतात. माणूस सगळं बदलतो, पाढा बदलत नाही. तुम्हाला यात भाषेचा अपमान दिसतो. मला त्यात एका पोराच्या पाठीवर बसलेली गुरुजींची छडी दिसते.

याच्या बरोबर उलटं बघायचं असेल तर रविवार पेठेत चला. तिथं ऐंशीच्या आसपासचे एक व्यापारी आहेत. घरची भाषा कन्नड, बोलणं अस्सल कन्नड, ‘बर्री, कूड्री’ म्हणून बसायला लावतील. पण तांदळाच्या हिशोबात पंधराची दीडपट करायची झाली की डोळे मिटून ‘पंधरा दिढे साडेबावीस’. १९५६ च्या आधी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यांची शाळा तेव्हाची, मराठी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अपूर्णांकांचे हे सगळे पाढे पाठ. आमच्या मराठी घरातल्या माझ्या पोराला यातलं एकही येत नाही, तो मोबाइल काढतो. आता भाषेच्या नावानं यातल्या कुणाला आधी जाब विचारायचा, ते तुम्हीच ठरवा. आणि हे दोघंही फोन नंबर सांगताना ‘नाईन एट’ करतात, ते वेगळंच.

हद्द नकाशात जिथं आहे तिथं आहे. बाजारात ती माणसाच्या ओठांवर कुठून कुठं सरकते, हे मला बघायचं असतं. तुम्ही म्हणता बघू नका. बघणार.

एक उदाहरण तर मागच्या लेखात टाळलंच होतं, कारण ते माझ्या ओळखीतलं आहे. निवृत्त मराठी शिक्षक. अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनात आजही माझ्या चुका काढतात. बसस्टँडवर ते गाडीच्या पाटीसमोर उभे राहतात आणि शेजारच्या शाळकरी पोराला विचारतात, ‘बाळ, ही कुठं जाते रे?’ पोरगं त्यांच्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघतं आणि वाचून दाखवतं. सरांना कन्नड बोलता येतं, लिपी येत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांना वाचायला शिकवलेल्या माणसाला दहा वर्षांच्या पोराकडून पाटी वाचून घ्यावी लागते. हे लिहिलं तर सर ओळखू येतील, म्हणून थांबलो होतो. आता त्यांना विचारून लिहितोय. ते म्हणाले, ‘लिही. पण पोरगं हुशार होतं, तेही लिही.’

ओळखीच्या माणसांबद्दल तुमचा टोमणा मात्र बरोबर आहे. दोन्ही हातांत बॅगा, सोबत बायको, रिक्षा दारात, आणि विचारलं तर ‘कुठं नाही, इथंच’ म्हणणारा जो गृहस्थ मी रंगवला, तो आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता. खरं तर चूक माझीच. निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारू नये, ‘लांब का?’ विचारावं, हे आमच्या आजीनं शंभरदा सांगितलं होतं. वाईट प्रश्नाला त्यानं रीतसर खोटं उत्तर दिलं.

पण सगळ्या विचित्रपणामागं काही दुःख किंवा शहाणपण असतं, हेही मी मानायला तयार नाही. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावर या एकदा संध्याकाळी. गेट पडलं की दुचाक्या, रिक्षा, मोटारी अख्खा रस्ता भरून उभ्या राहतात, डावी बाजूही आणि उजवीही. पलीकडंही तसंच. गाडी जाते, गेट वर होतं, आणि पानिपताला दोन फौजा भिडाव्यात तसे सगळे समोरासमोर. मग पाच मिनिटं हॉर्न. आपण डावीकडंच राहिलो तर सगळे लवकर सुटू, हे प्रत्येकाला कळतं. मी एकदा शहाण्यासारखा डावीकडं रांगेत थांबलो, तर मागच्यानं काळजीनं विचारलं, ‘गाडी बंद पडली काय?’ याला मी हसणार, आणि तुम्हीही त्या घोळक्यात असाल तर तुम्हालाही हसणार.

राहता राहिली टिंगल. शनिवारच्या बाजारात मी ज्या मावशीकडून मेथी घेतो, तिला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. सकाळची वेळ, भवानी नुकतीच झालेली, ती खुशीत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुम्हाला काय वाटतंय, तुम्हीच बघता? तुम्ही स्कूटर लावता, दोन पावलं येता, परत जाऊन कुलूप ओढून बघता. परत येता, परत जाता. मी आणि ही कोथिंबीरवाली, आम्ही मोजतो. गेल्या शनिवारी चारदा झालं.’ कोथिंबीरवालीनं मान डोलावली.

मला अजून डाळ घ्यायची होती. दोघींच्या देखत कुलुपाकडं वळून न बघता ताठ चालत गेलो. डाळ घेताना, पैसे देताना, सगळा जीव त्या कुलपात. परत आलो, तर कुलूप खरंच लावायचं राहिलं होतं. त्या दोघी माझ्याकडं अजिबात न बघता मेथी निवडत होत्या.